तोंडातील जुनाट दाह आणि मुखाचा कर्करोग

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील आरोग्यविषयक सत्रात केलेले भाषण)



आरोग्यावर बोलायला डॉक्टर सोडून बँकेतल्या कारकुनाला का उभे केले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझ्याही आले. मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला. पण गेली काही वर्षे वस्तीतल्या पेशंटांबरोबर दंत महाविद्यालयात आणि कॅन्सरच्या दवाखान्यात जाण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कारण सोपे आहे. मला फॉर्म भरता येतात, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते कळते, आणि रांगेत उभे राहण्याची सवय नोकरीनेच लावली आहे. रांगेत उभे राहून माणूस पुष्कळ ऐकतो. जे ऐकले ते डॉक्टरांना विचारून पक्के केले, काही वाचले, आणि तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

विषय आहे तोंडाच्या कर्करोगाचा. पण मी कर्करोगापासून सुरुवात करणार नाही, त्याच्या अगोदरच्या पाच-दहा वर्षांपासून करणार आहे. अंगात कर्करोग एका रात्रीत उगवत नाही. तोंडाच्या बाबतीत तर पुष्कळ वेळा तो आधी निरोप पाठवतो. तोंडाच्या आतली कातडी लालसर होते, जळजळते, पांढुरकी पडते, ताठ होते. हा दाह महिनोन् महिने, वर्षानुवर्षे राहतो. आपण त्याला ‘तोंड आले’ म्हणतो, ‘उष्णता झाली’ म्हणतो, मेडिकल स्टोअरमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी आणतो आणि विसरतो. जर्मनीत रुडॉल्फ विर्खो नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांनी १८६३ सालीच म्हटले होते की जिथे जुनाट दाह असतो तिथे कर्करोगाला जागा मिळते. त्या काळी ही नुसती शंका होती. आपल्या देशातल्या तोंडांनी ती खरी करून दाखवली, हे आपले दुर्दैव.

आपल्या भागात या जुनाट दाहाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ हा रोग. नाव लांब आहे. आपल्याकडे लोक त्याला सरळ ‘तोंड उघडत नाही’ म्हणतात आणि तेच नाव मला अधिक पटते. हा रोग वैद्यकाच्या पुस्तकात कसा आला ते ऐकण्यासारखे आहे. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत, केनियात, श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पाच स्त्रियांची तोंडे तपासली आणि एक नवाच रोग म्हणून त्याची नोंद केली. त्या पाचही स्त्रिया आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय होत्या. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. जोशी यांनी इथल्या रुग्णांत तोच रोग दाखवला आणि आज प्रचलित असलेल्या नावाचा पाया घातला. म्हणजे माणूस समुद्र ओलांडून गेला, मुलूख बदलला, पाणी बदलले, पण पानदान बरोबर गेले आणि पानदानाबरोबर रोगही गेला.

या रोगाचे मूळ सुपारी. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. तंबाखू वाईट हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण सुपारी? सुपारी तर पूजेत असते, पानात असते, लग्नाच्या बोलणीत असते. आपण पूजा सोडली, पण सुपारी सोडली नाही. बाळंतिणीला सुपारी, पाहुण्याला सुपारी, गोड सुपारीची पुडी तर लहान मुलाच्या हातात. ‘मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो,’ हे वाक्य मी दवाखान्याच्या बाकावर इतक्या वेळा ऐकले आहे की आता म्हणणारा तोंड उघडण्यापूर्वीच मला ते ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखू घातलेले पान कर्करोगकारक ठरवले होते. २००३ साली तज्ज्ञ पुन्हा बसले आणि त्यांनी नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. तैवान बेटावर लोक पानात तंबाखू घालतच नाहीत, सुपारी आणि चुना तेवढा असतो. तरी तिथे तोंडाच्या कर्करोगाने हाहाकार केला आहे.

सुपारी नेमके काय करते? मला एका तरुण डॉक्टर मॅडमनी समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या गालाच्या आतली कातडी मऊ आणि ताणली जाणारी असते. त्या कातडीच्या खाली धाग्यांचे एक अस्तर असते. रोज थोडे जुने धागे झिजतात, थोडे नवे तयार होतात, म्हणून ते अस्तर लवचीक राहते. सुपारीत अ‍ॅरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते धागे बनवणाऱ्या पेशींना सतत ढोसत राहते, नवे धागे वाजवीपेक्षा जास्त होतात. सुपारीत तुरटपणा असतो, तो टॅनिनचा. चामडे कमावताना बाभळीची साल वापरतात हे आपल्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. त्या सालीतला जो अंश कातड्याला घट्ट आणि न कुजणारे करतो, त्याच जातीचा अंश सुपारीत आहे आणि कातातही आहे. तो धाग्यांना असा घट्ट करतो की ते झिजायचेच थांबतात. शिवाय सुपारीत तांबे असते, त्यामुळे धागे एकमेकांत गुंतवणारे द्रव्य जोरात काम करते. थोडक्यात म्हणजे जिवंत माणसाच्या गालाचे आतून चामडे कमावले जाते. वरून चुना कातडी भाजतो आणि सुपारीची खरबरीत कतरण तिला ओरखडत राहते. दाह कधी शमतच नाही.

आणि आता कर्करोगाकडे येऊ. अस्तर घट्ट झाले की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. वरची कातडी पातळ आणि फिकट पडते. पातळ कातडीतून सुपारीचे आणि तंबाखूचे विष थेट आतल्या थरापर्यंत पोचते. जखम भरून काढण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा फुटून नव्या होतात आणि प्रत्येक वेळी विषाच्या हजेरीत होतात. अशी कैक वर्षे गेली की कुठल्या तरी एका पेशीच्या गुणसूत्रात अशी चूक राहते की ती पेशी वाढायची थांबतच नाही. जुनाट दाहाचा कर्करोग तो असा.

सगळ्यांनाच होतो का? नाही, आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर भीतीनेच माणूस दवाखान्यात जायचे टाळतो. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या रोगाच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. १९८५ साली त्याचा अहवाल आला. त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाला, म्हणजे शंभरात साडेसात. डॉक्टर म्हणतील शंभरात साडेसात. मी बँकेतला माणूस, मी म्हणेन की आपल्या वस्तीत असे किती ताठलेले गाल आहेत ते आधी मोजा आणि मग हिशेब करा.

किती आहेत? आपल्याच नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील डॉक्टरांनी मध्य भारतातल्या एक हजार रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे जवळजवळ पाच पुरुष होते. एकाच दवाखान्यात एक हजार! साठीच्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक लोकांची तोंडे तपासली गेली होती, डॉ. फली मेहता यांच्या देखरेखीखाली, तेव्हा हा रोग अगदी तुरळक सापडला होता. मधल्या काळात काय झाले? पुडी आली. पूर्वी पान लावायला वेळ लागे, अडकित्ता लागे, सुपारी ओली-सुकी पाहावी लागे. पुडीने ती कटकट मिटवली. पुडी खिशात मावते, दाताने फाटते आणि पानासारखे ओले हिरवे पानही तिच्यात नसते, सुकी सुपारीच सुपारी. आणि आपल्या विदर्भात पुडीचा थोरला भाऊ खर्रा. कच्ची सुपारी, तंबाखू, चुना, कात, आणि पन्नीवर घोटघोट घोटणे. घोटणाऱ्याच्या मनगटाचे कौतुक करत पानठेल्यावर उभे राहणारी आपली तरुण मुले मी रोज बँकेत जाताना पाहतो.

रोगाची पहिली खूण जळजळ आहे. तर्री सोसत नाही, ठेचा नको वाटतो, मग साधे वरणही तिखट लागते. घरच्यांना वाटते, पोराचे खाण्याचे नखरे वाढले. मग तोंडात कोरड पडते, बारीक फोड येतात, कातडी संगमरवरी दगडासारखी पांढुरकी दिसू लागते. मग तोंड आवळू लागते. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने मला त्याची खूण सांगितली ती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. तो म्हणाला, ‘काका, पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, तेव्हा मला समजलं.’ वय बावीस. तोपर्यंत वर्षभर एका खाजगी दवाखान्यात त्याला जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे मलम देत होते. कोणी त्याला तोंड उघडायला सांगून पट्टीने मोजले नव्हते. दंत महाविद्यालयात मोजले तेव्हा अठरा मिलिमीटर भरले. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारण पस्तीस ते पन्नास मिलिमीटर उघडते. शिटी वाजवता येईना, मेणबत्ती फुंकता येईना, आंबा चोखता येईना. दात घासायला ब्रश मागे जाईना म्हणून दाढा किडल्या, आणि दाढ काढायची तर डॉक्टरांचा हात आत जाईना.

तो मुलगा आज या मंडपात आहे. मी त्याच्याकडे बघणार नाही आणि आपणही शोधू नका. त्याने खर्रा सोडला त्याला आता दोन वर्षे झाली. त्याचे तोंड पूर्वीसारखे उघडेल का? हे मला त्याच्या आईने विचारले होते आणि मी डॉक्टरांना विचारले होते. उत्तर असे की घट्ट झालेले धागे पूर्णपणे पूर्ववत होत नाहीत. पण सुपारी सुटली तर रोग पुढे सरकायचा थांबू शकतो, जळजळ कमी होते, गालात इंजेक्शने देतात आणि तोंडाचा व्यायाम देतात. व्यायाम म्हणजे काय? आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. फारच आवळले असेल तर शस्त्रक्रिया करून धागे कापतात, पण नंतर व्यायाम सोडला किंवा सुपारी पुन्हा धरली तर पुन्हा आवळते. तो मुलगा रोज सकाळी अंगणात काड्या दातांत धरून बसतो. शेजारची पोरे हसत होती, आता हसत नाहीत. आणि दर तीन महिन्यांनी त्याला तपासणीला जावे लागते. कारण सोडल्यानंतरही त्या गालावरची नजर हटवून चालत नाही.

आता मातांसाठी एक वेगळी गोष्ट. तोंडाचा जुनाट दाह म्हटला की लगेच ‘व्यसन असेल’ असे म्हणण्याची घाई आपण करतो. दर वेळी ते खरे नसते. ‘लायकेन प्लॅनस’ नावाचा एक दाह आहे. तो चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत जास्त दिसतो. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी उठते, जणू कोणी विणकाम केले आहे, कधी मधे लाल सोललेली जागा असते आणि तिखटाने आग होते. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच तिथे बिघडलेली असते. यात त्या बाईचा काडीचा दोष नाही. हा बहुधा कर्करोगापर्यंत जात नाही, शंभरात सुमारे एकाच्या बाबतीत जातो. तरी ज्यात सोललेली लाल जागा आहे तिने सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहावे. औषध लावून आग कमी होते. अशा बाईला ‘चोरून मिश्री लावत असशील’ म्हणणारी सासू मी स्वतः दवाखान्यात पाहिली आहे. जी खरोखर मिश्री, गुडाखू किंवा तपकीर दातांना लावते तिच्या हिरडीवर आणि ओठाच्या आत पांढरे चट्टे येतात, ते वेगळे, आणि तेही धोक्याचेच.

चट्ट्यांबद्दल इतकेच की जो पांढरा चट्टा पुसून जात नाही, किंवा जो मखमलीसारखा लाल चट्टा दिसतो, तो डॉक्टरांना दाखवायचा. दोघांत लाल अधिक वाईट. तुटक्या दाताची धार जिभेला रोज लागून झालेला व्रणही बघण्यासारखा. दाताची धार घासून घ्यायची, आणि त्यानंतर दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर तुकडा तपासायचा. दुखत नाही म्हणून गप्प बसायचे नाही. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही, तीच त्याची लबाडी.

तुकडा तपासण्यावरून आठवले. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की मी माणसांना दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरलेले पाहिले आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. तुकडा न काढता, झाडपाल्याचा लेप लावत सहा महिने घरी बसले की मात्र तो मानेच्या गाठींत उतरतो, आणि लोक म्हणतात, बघा, दवाखान्यात नेले आणि गेला. दवाखान्यात नेले ते सहा महिन्यांनी, हे कोणी सांगत नाही.

वेळेत गेल्याने किती फरक पडतो? लहान गाठ असताना उपचार झाले तर दहांपैकी सात-आठ माणसे पाच वर्षे पार करतात. गाठ वाढून हाडात, मानेत गेल्यावर हा आकडा निम्म्याच्या खाली येतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. अनिल डीक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की पहिल्या टप्प्यातच तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबर मानेतल्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी शंभरात ८० माणसे जिवंत असतात, आणि वाट पाहून नंतर काढल्या तर साडेसदुसष्ट. जगभरच्या शल्यविशारदांनी तो निष्कर्ष मानला. आपल्याच देशातल्या, आपल्याच रुग्णांवरचे हे काम आहे. पण असे पहिल्या टप्प्यात येणारे रुग्ण आपल्याकडे थोडे, उशिरा येणारे बहुसंख्य.

देशाचे चित्र सांगतो. २०२२ साली जगात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख २० हजार रुग्णांच्या मागे चघळायची तंबाखू किंवा सुपारी होती, आणि त्यातले ८३ हजारांहून अधिक एकट्या भारतातले. आपल्या देशातल्या पुरुषांत हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे.

मग सरकारने काय केले, असे कोणी तरी विचारणारच. आपल्या राज्याने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी राज्याच्या अधिकारात बसत नाही म्हणून रद्द केली. पुढे अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला, २०११ साली खाद्यपदार्थात तंबाखू घालायला मनाई करणारा नियम झाला आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी केली. कागदावर ती चालू आहे. ठेल्यावर काय चालू आहे ते आपण जाणता. शिवाय खर्रा तर पुडीत येतच नाही, तो समोर घोटून मिळतो. पोलिसांनी धाड घालावी अशी अपेक्षा करण्यापेक्षा मला दुसरे एक काम अधिक जवळचे वाटते.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. तेरा पंचायतींचा भाग निवडला. काही पंचायतींत घरोघर जाऊन पस्तीस वर्षांवरील लोकांची तोंडे उजेडात बघायची, काहींत नेहमीसारखे सोडायचे. दोन्हीकडे मिळून जवळजवळ दोन लाख माणसे. निष्कर्ष २००५ साली आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत, जिथे तोंडे पाहिली गेली तिथे, या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले होते. आता ऐका, ही तोंडे पाहिली कोणी? डॉक्टरांनी नाही. वैद्यकाशी संबंध नसलेल्या पदवीधरांना शिकवून तयार केले होते, त्यांनी पाहिली. हे वाचले तेव्हा माझी बी.ए.ची पदवी मला पहिल्यांदा जरा उपयोगाची वाटली. या सभेत असे पदवीधर पंचवीस-तीस तरी सहज निघतील.

पैशाचे दोन शब्द बोलल्याशिवाय बँकवाल्याचे भाषण पुरे होत नाही. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी चार वर्षे होतो. मंगळसूत्र गहाण ठेवायला आलेल्या बाईला कारण विचारायचे नसते, पण फॉर्मवर लिहावे लागते. ‘औषधोपचार’ या शब्दामागे नवऱ्याच्या गालाची शस्त्रक्रिया आहे हे मला किती वेळा कळले ते मी मोजलेले नाही. समजा एखादा माणूस दिवसाला शंभर रुपयांचा खर्रा खातो. महिन्याचे तीन हजार. दहा वर्षांत, व्याज सोडून, नुसती मुद्दल ३ लाख ६० हजार. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचे. फॉर्म कळला नाही तर मी आहे. पण गाडीभाडे, बुडालेली रोजी, नळीने द्यायचे दूध, हे कोणत्याच योजनेत बसत नाही.

आता जरा कडू बोलतो, ज्येष्ठांनी रागावू नये. मंडळाचा जमाखर्च तपासण्याचे काम माझ्याकडे असते. दर वर्षीच्या खर्चात ‘पान-सुपारी व किरकोळ’ असा एक मथळा आहे. मंडप घालणाऱ्या पोरांना रात्री जागायचे असते म्हणून खर्रा मंडळाच्या पैशाने येतो, हे कार्यकारिणीला माहीत आहे आणि मलाही. त्यातल्या काही पोरांनी पहिला खर्रा आपल्याच मंडपात खाल्ला आहे. लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनाच्या जेवणानंतरसुद्धा तबक फिरते. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात हा मथळा नसावा. रात्री जागणाऱ्यांना चहा द्या, चिवडा द्या, गूळ-शेंगदाणे द्या. रक्कम तेवढीच लागेल. ठराव कोणी मांडला नाही तर मी मांडीन, मात्र अनुमोदन कोणा ज्येष्ठाने द्यावे, नाहीतर तो कारकुनाचा आक्षेप म्हणून इतिवृत्तात राहील आणि तबक फिरतच राहील.

ज्यांना सोडायचे आहे त्यांना उपदेश नको असतो, सोबत हवी असते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, झोप येत नाही, हात सारखा खिशाकडे जातो. बायकांनी त्या दिवसांत जुनी भांडणे उकरू नयेत एवढी विनवणी. तंबाखूच्या जागी सुपारी किंवा बडीशेपेच्या नावाखाली विकली जाणारी सुपारीमिश्रित पुडी धरू नका, ते एका खड्ड्यातून दुसऱ्यात. आणि एकदा मोडले तर दुसऱ्यांदा सोडा. डॉक्टर सांगतात की कायमचे सोडलेल्यांपैकी पुष्कळांनी दोन-तीनदा मोडलेले असते.

जेवणानंतर शेजारच्या शाळेच्या दोन खोल्यांत तपासणी आहे, एक स्त्रियांसाठी, एक पुरुषांसाठी. दंत महाविद्यालयाचे डॉक्टर येणार आहेत. त्याआधी इथे बसल्याबसल्याच एक करून बघा. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका, ही तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. स्वतःचीच बोटे, शेजाऱ्याची नकोत. तिन्ही गेली तर उत्तम. दोनच जात असतील तर त्यांनी रांगेत पुढे यावे, आणि लाजून घरी जाऊ नये. ज्यांना तिखटाची आग होते, ज्यांच्या गालावर चट्टा आहे, ज्यांचा व्रण दोन आठवड्यांहून जुना आहे, मानेत गाठ हाताला लागते, त्यांनीही. पदवीधर तरुणांपैकी जे घरोघर जाऊन तोंडे पाहण्याचे शिकायला तयार आहेत त्यांनी आपले नाव द्यावे, डॉक्टर दोन रविवार शिकवायला कबूल झाले आहेत. येताना चांगल्या उजेडाचा टॉर्च आणावा, मोबाइलचा उजेड घशाकडे नीट पडत नाही. नोंदवही माझ्याकडे राहील आणि ती कोणाच्या घरच्यांना, कार्यकारिणीलाही, दाखवली जाणार नाही. पुरुषांची खोली डावीकडची, स्त्रियांची उजवीकडची. पाणी पिऊन, तोंड खळखळून धुऊन या.